पंक रॉकचा उदय आणि अस्त, पडद्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंक रॉक आणि चित्रपट यांविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दोन उत्तरांचा विषय जेथे एकमेकांत शिरतो, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. चित्रपटांत माहितीपट आणि कथापट दोन्ही धरले आहेत, आणि गरज पडली तेथे दूरचित्रवाणी मालिकांचाही विचार केला आहे.

१. पंक रॉक म्हणजे काय? मला त्यातले काहीच ठाऊक नाही. पुढची उत्तरे कळतील इतपत सांगा.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर आधी न्यूयॉर्कमध्ये आणि लगोलग लंडनमध्ये उभे राहिलेले, तीन-चार कॉर्डवर चालणारे, वेगवान आणि मुद्दाम ओबडधोबड ठेवलेले रॉक संगीत म्हणजे पंक. त्या काळचे प्रस्थापित रॉक बँड लांबलचक वादनात, महागड्या स्टुडिओंत आणि प्रचंड स्टेडियमांत रमले होते. पंकने या सगळ्याकडे पाठ फिरवली आणि ज्याला धड वाजवता येत नाही त्यानेही मंचावर यावे, असा आग्रह धरला. न्यूयॉर्कच्या 'रामोन्स' या बँडचा पहिला अल्बम एप्रिल १९७६ मध्ये आला. त्यात १४ गाणी आहेत आणि ती सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात.

संगीताइतकीच महत्त्वाची होती ती सगळे स्वतःच करण्याची वृत्ती. कपडे स्वतः फाडायचे आणि सेफ्टी पिनांनी जोडायचे, तबकड्या स्वतः काढायच्या, टंकलेखन केलेली पत्रके झेरॉक्स करून स्वतः विकायची. मराठीतल्या साठच्या दशकातील लघुअनियतकालिकांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना ही वृत्ती फारशी परकी वाटणार नाही. चित्रपटाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ज्यांनी गिटार उचलली त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या कोणीतरी त्याच न्यायाने कॅमेरा उचलला.

२. पंकवरचा सर्वांत पहिला चित्रपट कोणता?

सामान्यतः हा मान १९७६ च्या 'द ब्लँक जनरेशन' या कृष्णधवल चित्रपटाला दिला जातो. अमोस पो आणि इव्हान क्राल यांनी तो १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केला. त्यांपैकी क्राल हे स्वतः पॅटी स्मिथ यांच्या बँडमध्ये वाजवत असत. न्यूयॉर्कच्या बावरी भागातील 'सीबीजीबी' या क्लबमध्ये पॅटी स्मिथ, रामोन्स, टेलिव्हिजन, ब्लाँडी आणि टॉकिंग हेड्स हे लोक नामवंत होण्यापूर्वी कसे दिसत होते, ते त्यात पाहायला मिळते.

हा चित्रपट पाहताना अनेकांना प्रत खराब असल्याचा संशय येतो, कारण ओठांची हालचाल आणि गाणे यांचा मेळ कोठेच बसत नाही. प्रत खराब नाही. दृश्य आणि ध्वनी एकाच वेळी मुद्रित करणारी यंत्रणा निर्मात्यांना परवडणारी नव्हती, म्हणून मुकी दृश्ये वेगळी टिपली गेली आणि त्यांवर इतरत्र ध्वनिमुद्रित झालेली गाणी चढवली गेली. मला हा विसंवाद चित्रपटाच्या बाजूचाच वाटतो. गाणारी माणसे आणि त्यांचे गाणे यांच्यात सतत एक अंतर राहते आणि त्यामुळे कोणालाही 'तारा' करून टाकणे कॅमेऱ्याला जमत नाही.

एक सावधगिरी बाळगावी. याच नावाचा १९८० चा एक कथापटही आहे. त्याचे दिग्दर्शक उली लोमेल असून त्यात रिचर्ड हेल आणि कारोल बुके यांच्या भूमिका आहेत. दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही.

३. लंडनमधील पंकचा उदय घडत असताना कोणी चित्रित केला होता का?

होय, आणि ज्यांनी केला ते चित्रपट दिग्दर्शक नव्हते. जमैकन आईवडिलांच्या पोटी लंडनमध्ये जन्मलेले डॉन लेट्स हे किंग्ज रोडवर कपड्यांचे दुकान चालवत आणि १९७७ च्या आरंभी कोव्हेंट गार्डनमधील 'रॉक्सी' या क्लबमध्ये तबकड्या लावण्याचे काम करत. पंकच्या तबकड्या तेव्हा जवळजवळ निघालेल्याच नव्हत्या, म्हणून दोन बँडांच्या मधल्या वेळात ते रेगे हे जमैकाचे संगीत लावत. ब्रिटिश पंक आणि रेगे यांचे पुढे जे नाते जमले, त्याच्या मुळाशी इतकी साधी अडचण होती. हाताशी आलेल्या सुपर-८ या छोट्या, घरगुती वापराच्या कॅमेऱ्याने त्यांनी त्या काही महिन्यांत जे टिपले, त्यातून १९७८ चा 'द पंक रॉक मूव्ही' तयार झाला.

सुपर-८ च्या एका काडतुसात, म्हणजे कॅमेऱ्यात बसवायच्या फिल्मच्या डबीत, ५० फूट फिल्म असते. सेकंदाला १८ चौकटी या गतीने ती ३ मिनिटे २० सेकंद चालते. पंकचे गाणे बहुधा त्याहून लहान असल्यामुळे एक गाणे एका काडतुसात बसत असे. फिल्म महाग असल्याने कॅमेरा कधी सुरू करायचा हे मात्र जपून ठरवावे लागे, आणि म्हणून या चित्रपटात रेंगाळलेली दृश्ये फार थोडी आहेत. प्रकाश अपुरा, चित्र दाणेदार, आवाज फाटलेला, निवेदन नाही, मुलाखती जवळजवळ नाहीत. 'द क्लॅश', 'द स्लिट्स', 'सूझी अँड द बॅन्शीज', 'एक्स-रे स्पेक्स' हे बँड त्यात हातभर अंतरावरून दिसतात.

यातील 'सेक्स पिस्टल्स' या लंडनच्या बँडचा भाग मात्र रॉक्सीमधला नाही. तो इस्लिंग्टनमधील 'स्क्रीन ऑन द ग्रीन' येथे एप्रिल १९७७ मध्ये झालेल्या कार्यक्रमाचा आहे. ती जागा मुळात चित्रपटगृहच होती.

४. पंकवरचा कोणताही चित्रपट लावला की सेक्स पिस्टल्सचीच गोष्ट सुरू होते. असे का?

कारण त्या गोष्टीला आयती सुरुवात आणि आयता शेवट आहे. १ डिसेंबर १९७६ रोजी बिल ग्रंडी यांच्या दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपित होणाऱ्या सायंकाळच्या कार्यक्रमात बँडने शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर त्यांचीच चर्चा होती. १४ जानेवारी १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि बँड फुटला. या दोन तारखांमध्ये साडेतेरा महिन्यांचे अंतर आहे. पुढे ऑक्टोबर १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात बँडचे बास गिटारवादक सिड व्हिशस यांची प्रेयसी नॅन्सी स्पंजन यांचा मृतदेह सापडला, व्हिशस यांच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला आणि खटला उभा राहण्यापूर्वीच, २ फेब्रुवारी १९७९ रोजी, अमली पदार्थांच्या अतिसेवनाने त्यांचाही मृत्यू झाला. उदय, कळस, विश्वासघात, मृत्यू असे सगळे अंक पटकथाकाराला फुकट मिळतात.

माझे मत असे आहे की 'पंकचा उदय आणि अस्त' हा साचाच मुळी या एका बँडच्या चरित्रातून आला आणि चित्रपटांनी तो संपूर्ण चळवळीवर बसवला. १९७८ मध्ये लंडनच्या पंकचे मृत्युलेख लिहिले जात असताना लॉस एंजेलिसमध्ये ती नुकती पेटत होती आणि वॉशिंग्टनमध्ये जेमतेम सुरू होत होती. ज्या चित्रपटांनी हा साचा नाकारला, ते पंकविषयी अधिक काही सांगतात. त्यांपैकी काहींची चर्चा प्रश्न ९, ११ आणि १३ मध्ये आहे.

५. सेक्स पिस्टल्सवरच्या चित्रपटांपैकी खरा कोणता मानावा?

यांतला एकही चित्रपट निःपक्षपाती नाही. कोणता चित्रपट कोणाच्या बाजूने बोलतो हे ओळखून पाहिल्यास प्रत्येकातून काही हाती लागते.

जूलियन टेंपल यांचा 'द ग्रेट रॉक 'एन' रोल स्विंडल' हा १९८० मध्ये आला. बँडचे व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेन हे त्यात मध्यवर्ती आहेत आणि सगळा बँड ही आपण रचलेली फसवणूक होती, असे ते धडे दिल्यासारखे सांगतात. गायक जॉन लायडन यांनी त्यात सहभाग घेतला नाही. ते केवळ जुन्या चित्रणात दिसतात. सिड व्हिशस पॅरिसमध्ये 'माय वे' गातात आणि शेवटी प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतात तो प्रसंग याच चित्रपटातला, आणि चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्यांच्या मृत्यूला वर्ष उलटून गेले होते. त्यापूर्वी रस मेयर या अमेरिकी दिग्दर्शकाकडून बँडवर एक चित्रपट करवून घेण्याचा प्रयत्न झाला होता, पण तो चित्रीकरणाच्या आरंभीच बंद पडला.

वीस वर्षांनी, २००० मध्ये, त्याच टेंपल यांनी 'द फिल्थ अँड द फ्युरी' केला आणि या वेळी बँडच्या सदस्यांना बोलू दिले. त्यांचे चेहरे अंधारात ठेवले आहेत. केवळ बाह्याकृती दिसते. आज वय झालेली माणसे आणि तेव्हाची पोरे यांची तुलना होऊ नये म्हणून ही योजना केली असावी, आणि ती यशस्वी झाली आहे. संपामुळे रस्त्यावर साचलेला कचरा, दंगली, दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती आणि विनोदी कलाकार अशी दृश्ये तो सतत मध्ये पेरतो, आणि त्यातून संताप कोठून आला हे भाषणाशिवाय कळते. एकच दिग्दर्शक, बरेचसे चित्रण तेच, आणि निष्कर्ष नेमका उलटा, अशी जोडी विरळाच सापडेल. हे दोन चित्रपट लागोपाठ पाहण्यासारखे आहेत.

लेक कोवाल्स्की यांचा 'डी.ओ.ए.' (१९८०) हा जानेवारी १९७८ च्या अमेरिकी दौऱ्यावर आहे. अटलांटा, मेम्फिस, सॅन अँटोनियो, डॅलस अशा, बहुतेक दक्षिणेकडच्या, शहरांत सात कार्यक्रम झाले आणि तेथील प्रेक्षक बँडला झोडायला किंवा बँडकडून झोडून घ्यायला आले होते, असे हा चित्रपट पाहताना वाटते. डॅनी बॉयल यांची 'पिस्टल' ही सहा भागांची मालिका (२०२२) गिटारवादक स्टीव्ह जोन्स यांच्या आत्मचरित्रावर बेतलेली आहे. गाण्यांच्या वापरास लायडन यांचा विरोध होता. तो वाद लंडनच्या न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये लायडन हरले. ज्यांनी अराजकाची गाणी गायली, त्यांचा शेवटचा तंटा बहुमताने निर्णय घेण्याच्या जुन्या करारावरून झाला, याची नोंद घेण्याचा मोह आवरत नाही.

६. 'सिड अँड नॅन्सी' मध्ये दाखवले आहे तसेच घडले होते का?

नाही, निदान तसे कोणीही सिद्ध केलेले नाही. अॅलेक्स कॉक्स यांचा हा १९८६ चा कथापट नॅन्सी स्पंजन यांचा मृत्यू झटापटीत, नकळत घडलेला दाखवतो. प्रत्यक्षात आरोपीच मरण पावल्याने न्यायालयात काहीच ठरले नाही (प्रश्न ४ पाहा). लायडन यांनी या चित्रपटावर कडाडून टीका केली आहे. त्यातले लायडन आपण नाहीच, अशी त्यांची तक्रार आहे.

गॅरी ओल्डमन आणि क्लोई वेब यांचा अभिनय आणि रॉजर डीकिन्स यांचे छायाचित्रण यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. अडचण अशी की हा व्यसनात बुडत गेलेल्या दोघांचा चित्रपट आहे आणि पंक ही त्याची पार्श्वभूमी. त्याच्या यशामुळे पंकचा अस्त म्हणजे हेरॉइन, असे समीकरण अनेक प्रेक्षकांच्या डोक्यात पक्के झाले. सिड व्हिशस हे बँडमध्ये मागाहून, फेब्रुवारी १९७७ मध्ये आले आणि बास गिटार वाजवण्यात ते कच्चे होते. पडद्यावर मात्र सर्वाधिक जागा त्यांनाच मिळाली.

७. डेरेक जार्मन यांचा 'जुबिली' हा पंकचा चित्रपट आहे की पंकच्या विरोधातला?

दोन्ही, आणि त्यामुळेच तो टिकला आहे. १९७७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव झाला आणि पुढच्या वर्षी हा चित्रपट आला. त्यात पहिली एलिझाबेथ राणी आपल्या ज्योतिषी जॉन डी याच्या साहाय्याने चारशे वर्षे पुढे येते आणि तिला उद्ध्वस्त लंडनमध्ये हिंडणाऱ्या मुलींची टोळी दिसते. किंग्ज रोडवरच्या कपड्यांच्या एका दुकानात काम करणाऱ्या, पंकचा चेहरा मानल्या गेलेल्या जॉर्डन यांची त्यात मोठी भूमिका आहे. अॅडम अँट आणि टोया विलकॉक्स हेही आहेत.

पंकच्या मंडळींना तो रुचला नाही. फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूड यांनी तर जार्मन यांना उद्देशून लिहिलेले निषेधाचे खुले पत्र टी-शर्टवर छापून विकायला काढले. या प्रतिक्रियेचे कारण चित्रपटातच सापडते. बोर्जिया गिन्झ नावाचा एक खदखदून हसणारा माध्यमसम्राट सगळ्या बंडखोरांना एकेक करून विकत घेतो, राजवाड्यात ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ थाटतो आणि शेवटी त्या मुली करारावर सह्या करून त्याच्या पंखाखाली जातात. चळवळ ऐन भरात असताना तिचा शेवट दाखवणे कोणालाही आवडले नसते. पुढे घडले ते जवळपास तसेच.

८. 'द क्लॅश' या बँडने स्वतःच्याच चित्रपटावर बहिष्कार का टाकला?

तो चित्रपट म्हणजे जॅक हेझन आणि डेव्हिड मिंगे यांचा 'रूड बॉय' (१९८०). रे गँज नावाचा तरुण त्यात स्वतःचीच भूमिका करतो. तो सोहोतील अश्लील पुस्तकांच्या दुकानातली नोकरी सोडून बँडचे सामान वाहणारा रोडी होतो. राजकारणाचे त्याला फारसे सोयरसुतक नाही आणि वंशवादाविरुद्ध गाणाऱ्या बँडच्या सोबत राहूनही त्याची मते बदलत नाहीत. बँडचा मुख्य आक्षेप समांतर चालणाऱ्या उपकथानकाला होता, कारण त्यात कृष्णवर्णीय तरुण दिसतात ते खिसेकापू म्हणून. बँडने चित्रपटाच्या विरोधातले बिल्ले छापून वाटले.

आक्षेप रास्त होता, तरीही हा चित्रपट टाकून देण्यासारखा नाही. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' या संघटनेने घेतलेल्या प्रचंड कार्यक्रमातील क्लॅशचे वादन त्यात आहे. शेवटी मार्गारेट थॅचर सत्तेवर येताना दिसतात. गाणी ऐकून कोणी शहाणा होतोच असे नाही, हे अप्रिय सत्य सांगण्याचे धैर्य पंकवरच्या फारच थोड्या चित्रपटांनी दाखवले आहे. या संघटनेची बाजू समजून घ्यायची असल्यास रुबिका शाह यांचा 'व्हाइट रायट' (२०१९) पाहावा. नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाच्या मिरवणुका, जून १९७६ मध्ये साउथॉलमध्ये झालेला गुरदीप सिंग चग्गर या तरुणाचा खून आणि त्या काळचे वातावरण ठाऊक नसेल, तर ब्रिटिश पंकमधला राग नुसता आरडाओरडा वाटण्याचा धोका आहे.

९. 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन' इतका गाजला कशामुळे? त्यावर बंदी होती का?

पेनेलोपी स्फीरिस यांनी हा माहितीपट डिसेंबर १९७९ ते मे १९८० या काळात लॉस एंजेलिसमध्ये चित्रित केला आणि तो १९८१ मध्ये प्रदर्शित झाला. 'ब्लॅक फ्लॅग', 'जर्म्स', 'एक्स', 'सर्कल जर्क्स', 'कॅथलिक डिसिप्लिन', 'अॅलिस बॅग बँड' आणि 'फियर' हे सात बँड त्यात आहेत. नाव जरी पाश्चात्त्य संस्कृतीच्या ऱ्हासाचे असले, तरी चित्रण आहे ते एका उदयाचे. लंडनच्या पंकला कला-महाविद्यालये, फॅशन आणि चलाख व्यवस्थापक लाभले होते. येथे आहेत ती उपनगरांतून आलेली, घरातून निघून गेलेली, अधिक तरुण आणि अधिक आडदांड मुले.

स्फीरिस यांची पद्धत वरवर साधी आहे. एका उघड्या दिव्याखाली बसवून त्या पोरांना साधे प्रश्न विचारतात आणि उत्तरातली पोकळी तशीच राहू देतात. उपहास नाही, उपदेशही नाही. ब्लॅक फ्लॅगचे सदस्य हर्मोसा बीचमधल्या एका जुन्या चर्चमध्ये राहतात आणि त्यांचा तेव्हाचा गायक रॉन रेयेस आपण झोपतो तो कपाटाएवढा कोनाडा दाखवतो. भाडे महिना १६ डॉलर. गाण्यांचे शब्द कळत नसल्याने ते पडद्यावर खाली उमटतात आणि मग लक्षात येते की त्या कोलाहलात कोणीतरी नीट कविता लिहिली आहे. विशेषतः जर्म्सचा डार्बी क्रॅश. मंचावर तो धड उभाही राहू शकत नाही, माइकपाशी तोंड नेण्याचे भान त्याला नाही, आणि खाली त्याचे शब्द स्वच्छ दिसत राहतात. चित्रपटाच्या जाहिरातफलकावर तो डोळे मिटून पडलेला दिसतो. ७ डिसेंबर १९८० रोजी, वयाच्या बावीसाव्या वर्षी, हेरॉइनचा मोठा डोस घेऊन त्याने आयुष्य संपवले, तेव्हा चित्रपट प्रदर्शित व्हायचा होता. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये जॉन लेनन यांची हत्या झाली आणि डार्बीच्या मृत्यूची बातमी त्याखाली दबून गेली.

कायदेशीर बंदी नव्हती. पहिल्या खेळाच्या वेळी हॉलिवूड बुलेव्हार्डवर मोठी गर्दी आणि मोठा पोलीस बंदोबस्त झाल्यानंतर पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी शहरात हा चित्रपट पुन्हा दाखवू नये असे पत्र दिले. २०१६ मध्ये मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्याजोगी कलाकृती म्हणून त्याची निवड झाली.

१०. याच मालिकेचे दुसरे आणि तिसरे भाग पंकवरच आहेत का?

दुसरा भाग (१९८८) हेवी मेटलवर आहे, पंकवर नाही. तिसरा (१९९८) रस्त्यावर राहणाऱ्या, नव्वदच्या दशकातील पंक मुलांवर आहे. त्यात संगीत कमी आणि बेघरपणा, दारू, घरातले अत्याचार यांच्या कहाण्या जास्त आहेत. पाहायला तो सर्वांत जड आहे. दरम्यान स्फीरिस यांनी १९९२ मध्ये 'वेन्स वर्ल्ड' हा विनोदपट करून मोठे व्यावसायिक यश मिळवले होते.

११. पंक कधी संपला? चित्रपट वेगवेगळी वर्षे सांगतात.

खरे आहे. पिस्टल्सवरचे चित्रपट जानेवारी १९७८ सांगतात. 'अमेरिकन हार्डकोर' (२००६) हा, हार्डकोर म्हणजे अमेरिकेतील अधिक वेगवान आणि आक्रमक पंकवरचा माहितीपट १९८० च्या सुमारास सुरू होऊन १९८६ ला पडदा पाडतो. 'एसएलसी पंक!' (१९९८) या कथापटात सॉल्ट लेक सिटीतला निळ्या केसांचा नायक शेवटी कायद्याच्या शिक्षणाकडे वळतो. १९९१ च्या युरोप दौऱ्यावरचा, सॉनिक यूथ आणि निर्वाणा या बँडांचा माहितीपट तर आपल्या नावातच उपरोधाने म्हणतो की पंक खऱ्या अर्थाने बाजारात आला तो या वर्षी.

बारकाईने पाहिल्यास यांतले प्रत्येक वर्ष हे बहुधा चित्रपट करणाऱ्याच्या किंवा त्यात बोलणाऱ्याच्या तारुण्याच्या समाप्तीचे वर्ष असते. आमच्यानंतर त्यात राम राहिला नाही, असे पन्नाशीतली माणसे खुर्चीत बसून सांगतात आणि माहितीपट ते इतिहास म्हणून नोंदवतो. सुझन सायडलमन यांचा 'स्मिदरीन्स' (१९८२) हीच गोष्ट अधिक प्रामाणिकपणे सांगतो. त्याची नायिका रेन न्यूयॉर्कमध्ये पोहोचते तेव्हा मंडळी पांगायला लागली आहेत. तिला ना गाता येते ना वाजवता, तरी ती स्वतःच्या चेहऱ्याच्या झेरॉक्स प्रती भुयारी रेल्वेत चिकटवत हिंडते. उशिरा पोहोचणे हीच तिची शोकांतिका आहे.

अस्ताचा साचा पूर्णपणे झुगारणारा चित्रपट म्हणजे जेम कोहेन यांचा 'इन्स्ट्रुमेंट' (१९९९). वॉशिंग्टनच्या 'फुगाझी' या बँडसोबत दहा वर्षे, सुपर-८, १६ मिलिमीटर आणि व्हिडिओ अशा मिळेल त्या माध्यमावर टिपलेले हे चित्रण आहे. बँडने मोठ्या कंपन्यांकडे जाण्याचे टाळले, तिकिटाचे दर कमी ठेवले आणि आपले काम चालू ठेवले. त्यात चढण नाही, म्हणून उतरणही नाही, आणि कित्येक प्रेक्षकांना तो त्यामुळेच कंटाळवाणा वाटतो.

१२. कॅमेऱ्यामुळेच पंकचा अस्त झाला, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

काही अंशी आहे, पण दोष चित्रपटांपेक्षा दूरचित्रवाणीचा आणि वृत्तपत्रांचा अधिक आहे. ग्रंडी प्रकरणानंतर (प्रश्न ४ पाहा) पंक कसा दिसतो आणि कसा वागतो हे देशभरातल्या पोरांना घरबसल्या कळले आणि जे आधी प्रत्येकाने स्वतः शोधून काढले होते, त्याचा गणवेश झाला. बँडवर थुंकण्याची किळसवाणी रीतसुद्धा बातम्यांतून वाचून पसरली, अशी त्या काळच्या वादकांची तक्रार आहे.

अमेरिकेत याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'क्विन्सी' या मालिकेचा डिसेंबर १९८२ मधील एक भाग. त्यात न्यायवैद्यक डॉक्टर असलेला नायक एका खुनाचे मूळ पंक संगीतात शोधतो. केस उभे केलेले, डोळे वटारणारे त्यातले पोशाखी पंक इतके हास्यास्पद होते की पुढे खऱ्या पंक मंडळींमध्ये 'क्विन्सी पंक' हीच एक शिवी झाली. मौज अशी की असली ढोंगे पाहूनही काही मुले खऱ्या पंककडे वळलीच.

१३. यात स्त्रिया कोठे आहेत? बहुतेक माहितीपटांत तीच ती पुरुष मंडळी बोलताना दिसतात.

आरंभीच्या चित्रणात स्त्रिया भरपूर आहेत. नंतरच्या मुलाखतींत त्या कमी होत जातात. लेट्स यांच्या चित्रपटात (प्रश्न ३) 'द स्लिट्स' अजून वाजवायला शिकत आहेत आणि एक्स-रे स्पेक्सच्या पॉली स्टायरीन शाळकरी वयाच्या दिसतात. अमेरिकी हार्डकोरच्या माहितीपटांत मात्र अंगावर धावून जाणारी पुरुषी गर्दीच केंद्रस्थानी येते. ही तूट अलीकडे काहीशी भरून निघाली आहे. 'पॉली स्टायरीन: आय अॅम अ क्लिशे' (२०२१) हा त्यांच्या कन्या सेलेस्ट बेल यांनी पॉल संग यांच्यासह केलेला माहितीपट आईविषयीचे प्रेम आणि आईवरचा राग यांपैकी काहीच लपवत नाही.

कथापटांत लू अॅडलर यांचा 'लेडीज अँड जंटलमन, द फॅब्युलस स्टेन्स' (१९८२) महत्त्वाचा आहे. पंधरा वर्षांची डायान लेन आणि तिच्याहून लहान लॉरा डर्न यांचा बँड त्यात आहे, तर पिस्टल्सचे जोन्स आणि कुक, क्लॅशचे पॉल सिमनन हे सोबत वाजवतात. स्टुडिओने तो नीट प्रदर्शितच केला नाही. रात्री उशिरा केबलवर तो ज्या मुलींनी पाहिला त्यांच्यामुळे तो जगला. आणि ज्यांना फक्त एकच चित्रपट पाहायचा आहे त्यांनी लुकास मूडीसन यांचा स्वीडिश 'वी आर द बेस्ट!' (२०१३) पाहावा. १९८२ चे स्टॉकहोम, सातवीतल्या तीन मुली, त्यांतल्या दोघींना काहीच वाजवता येत नाही, आणि भेटेल तो त्यांना सांगतो की पंक मेला. त्या ऐकत नाहीत.

१४. ब्रिटन आणि अमेरिका यांच्या बाहेर काही आहे का?

आहे, आणि त्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. सोगो इशी यांचा जपानी 'बर्स्ट सिटी' (१९८२) हा भविष्यकाळातल्या उजाड शहरात घडतो. 'द स्टालिन' आणि 'द रूस्टर्स' यांसारख्या खऱ्या पंक बँडांनी त्यात कामे केली आहेत, आणि त्याचे संकलन इतके वेगवान आहे की कथानक हरवून जाते. 'पर्सेपोलिस' (२००७) या अॅनिमेशनपटात तेहरानमधली शाळकरी मार्जान जाकिटाच्या पाठीवर पंक मेलेला नाही असे चुकीच्या स्पेलिंगमध्ये लिहून चोरबाजारात कॅसेट घ्यायला जाते. ती घेते ती कॅसेट आयर्न मेडनची, म्हणजे हेवी मेटलची, आणि त्या परिस्थितीत हा भेद कोणाच्याही लेखी नव्हता.

१५. 'कंट्रोल', 'धिस इज इंग्लंड', 'रेपो मॅन' यांना पंकपट म्हणायचे का?

'कंट्रोल' (२००७) हा 'जॉय डिव्हिजन' या बँडचे गायक इयन कर्टिस यांच्यावरचा चित्रपट पंकनंतरच्या संगीताचा आहे. त्याच वर्तुळावरच्या '२४ अवर पार्टी पीपल' (२००२) ची सुरुवात मात्र मँचेस्टरमध्ये ४ जून १९७६ रोजी झालेल्या पिस्टल्सच्या कार्यक्रमापासून होते. त्याला जेमतेम चाळीसेक माणसे हजर होती आणि नंतर आपण तेथे होतो असे सांगणारे शेकड्यांनी निघाले. 'धिस इज इंग्लंड' (२००६) स्किनहेड, म्हणजे डोके भादरून टोळीने हिंडणाऱ्या, मुलांचा आहे. त्यांचा आणि पंकचा इतिहास एकमेकांत गुंतलेला असला तरी एक नाही.

'रेपो मॅन' (१९८४) च्या बाबतीत मी हट्टाने होय म्हणतो. त्यात पंकवर भाषण नाही. हप्ते थकलेल्या गाड्या ओढून आणणारा एक पोरगा, डिकीत काहीतरी भयंकर असलेली एक गाडी आणि दुकानांत नुसते 'अन्न' किंवा 'बिअर' असे लिहिलेले डबे, एवढ्यावर रेगनकालीन लॉस एंजेलिस उभे राहते. ज्यांनी 'सिड अँड नॅन्सी' (प्रश्न ६) केला त्याच कॉक्स यांचा हा पहिला कथापट, आणि पंक हा विषय नसल्यामुळेच तो अधिक पंक उतरला आहे.

१६. हे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत? आणि काही मिळतच का नाहीत?

न मिळण्याचे मुख्य कारण गाण्यांचे हक्क. एका चित्रपटात वीस गाणी असतील, तर तितक्याच फुटलेल्या बँडांशी आणि बुडालेल्या कंपन्यांशी बोलणी करावी लागतात. स्फीरिस यांची त्रयी कित्येक वर्षे नकलांच्या नकला केलेल्या व्हिडिओ कॅसेटवरच फिरत होती. ती अधिकृतपणे डीव्हीडीवर आली २०१५ मध्ये.

क्रमाविषयी माझा सल्ला असा की पिस्टल्सपासून सुरुवात करू नये. आधी 'द पंक रॉक मूव्ही' पाहावा, मग 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन', नंतर 'वी आर द बेस्ट!'. त्यानंतर 'द फिल्थ अँड द फ्युरी' पाहिला, तर ती एका बँडची गोष्ट आहे इतके भान राहते. 'जुबिली' आणि 'रूड बॉय' पाहण्याआधी प्रश्न ७ आणि ८ वाचलेले बरे. 'सिड अँड नॅन्सी' सर्वांत शेवटी पाहावा, किंवा नाही पाहिला तरी चालेल.